दर्या शांत आहे

मोबोरच्या वाळूत तीन दिवस होड्या पालथ्या.
वादळ नव्हतं, कुणी बुडालंही नव्हतं.
दोन पंतप्रधान यायचे होते.

पोदेराच्या सायकलचा भोंगासुद्धा बंद.
पाव आले, पण न वाजता आले,
शिपायाने टोपलीत काठी खुपसून पाहिलेले.

मी दुभाषी. मूळचा डिचोलीचा.
वडील मडगावच्या जुन्या पोस्टात कारकून,
त्यांच्याकडून आलेली माझी पोर्तुगीज
तारखेच्या शिक्क्यासारखी, जरा पुसट, पण चालते.
प्रोटोकॉलने बजावलं होतं: दीड पाऊल मागे,
आणि सावली फोटोत पडता कामा नये.

आदल्या रात्री अडीच वाजेपर्यंत एका शब्दावर अडलो.
आमच्या मसुद्यात 'खेद', पाहुण्यांच्या मसुद्यात 'चिंता'.
सहसचिव तळवणेकरबाई काजूची बशी पुढे सरकवत म्हणाल्या,
चिंता काय, कुणालाही असते.
त्यांचा माणूस म्हणाला, खेद म्हटलं की
चूक कुणाची ते सांगावं लागतं.
खेद आणि चिंता यांच्या मध्ये कुठेतरी
एक ट्रॉलर, त्यावरचे अकरा खलाशी,
परक्या बंदरात चौथा महिना.
शेवटी 'दखल' ठरलं.
सगळे उठले. बशीत फक्त मीठ उरलं होतं.

सकाळी कार्यक्रमपत्रिकेवर: सागरकिनारी अनौपचारिक फेरफटका, अकरा मिनिटं.
गुडघाभर पाण्यात रापण आधीच टाकून ठेवलेली.
दोर कोरडा दिसत होता म्हणून
कुणीतरी बादलीभर पाणी मारून गेलं.
दोन्ही नेत्यांनी तो धरला. कॅमेऱ्यांनी श्वास घेतला.
जाळं आलं.
दोन खेकडे, एक प्लास्टिकची चप्पल, शेवाळ.

पाहुण्यांनी मुकादमाला विचारलं, आज काय मिळालं?
मी कोंकणीत विचारलं.
कायतान रिबेलो, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला, म्हणाला,
"कांयच ना, सायबा. तीन दीस जाले,
दर्यांत वचूंक दिलें ना. रांदन थंड."

मागे तळवणेकरबाई खोकल्या.
त्या खोकल्याचं भाषांतर मला येत होतं.

मी म्हणालो: ते म्हणतात, दर्या शांत आहे.

पाहुणे खूश झाले. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.
कायतानने माझ्याकडे पाहिलं.
रागाने नव्हे. मासा ताजा आहे का बघायला
कल्ला उचलून पाहतात, तसं.

दुपारच्या समारोपात पाहुणे कागद बाजूला ठेवून बोलले:
"आज सकाळी एका वृद्ध मच्छीमाराने मला सांगितलं,
दर्या शांत आहे."
टाळ्या. आमचे पंतप्रधानही मान डोलावत होते.
काचेच्या खोपटात, कानाला यंत्र लावून,
माझंच खोटं मी परत उलटं करून सांगत होतो,
आणि आता ते चांगल्या कपड्यांत आलं होतं.

संध्याकाळी झेंडे उतरवले, गालिच्यातली वाळू झटकली.
होड्या सुलट्या होऊ लागल्या.
मी गेलो. काहीतरी बोलायचं होतं, कोंकणीत जुळवून ठेवलेलं.
कायतान जाळ्याचा गुंता सोडवत होता.
मान वर न करता तो पोर्तुगीजमध्ये म्हणाला,
स्वच्छ, माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ,
त्या काळातल्या दुसऱ्या इयत्तेची, छडीखाली घोटलेली:
"तुझं वाक्य व्याकरणाने बरोबर होतं."

मग होडीकडे वळून, आपल्या भाषेत, कुणालातरी:
एक माणूस कमी पडता रे.

मी बूट काढले.
गळ्यातलं ओळखपत्र काढायचं राहून गेलं.
त्यावर माझं नाव तीन भाषांत छापलेलं,
पहिल्याच लाटेत भिजलं.
शाई आधी कुठल्या भाषेची सुटली
ते पाहायला हात मोकळा नव्हता.